उसनी चावी

आमच्या ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पाचसहा रोमन अक्षरांचा लहानसा संसार होता. 'एम' टंकून एक जागा सोडावी आणि पुढे शब्द लिहावा की मोल्सवर्थचा कोश उघडे. 'डी' म्हटले की दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात सर्वांना खुले आहेत. युक्ती अगदी साधी. शोधाच्या पत्त्यात शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व 'एस' हे अक्षर ठेवायचे आणि त्या पत्त्याला एक छोटे नाव द्यायचे. आपण लिहिलेला शब्द त्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. तेथे जाताना तो वेश पालटतो. एकट्या 'क'ची नऊ चिन्हे होतात. पण ते पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

गेल्या वर्षी वसईचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी वारले. गास, निर्मळ, नंदाखाल या भागांतील सामवेदी बोलीचे शब्द ते कित्येक वर्षे जमवीत होते. त्यांच्या मुलीने शब्दांची अपुरी यादी आणि ब्राउझरमधील वाचनखुणांची फाईल आमच्या हाती दिली. "बाबा कुठं काय शोधायचे ते तुम्हालाच कळेल, सर," एवढेच ती म्हणाली. यादीत अनेक शब्दांपुढे 'डी' अशी खूण होती. ती दात्यांची, हे आम्ही गृहीत धरले. इतकेच नव्हे, तर पहिल्या काही पानांच्या तळटिपाही तशाच लिहून टाकल्या.

मग ती फाईल आम्ही आपल्या ब्राउझरमध्ये आयात केली. दुसऱ्या दिवशी सवयीने 'डी' लिहून पुढे 'चावी' लिहिले, तर कोणत्या तरी जुन्या ग्रंथाचे पान समोर आले आणि शोधात काहीच सापडले नाही. आम्ही चिडलो. परक्या घरचे सामान आपल्या घरात आणले की असे व्हायचेच, असे म्हणून आयात केलेले सगळे पुसून टाकण्याच्या बेतात होतो. पुसण्यापूर्वी पान नीट पाहिले. तो सेबास्तियाँव रोदोल्फु दाल्गादो यांचा १९१३ सालचा ग्रंथ होता. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले, याचा तो धांडोळा आहे. सहकाऱ्यांचा 'डी' दाल्गादोंचा होता. एका नावाचे दोन धनी राहू शकत नाहीत. आयातीत त्यांचा टिकला, आमचा गेला.

'चावी' का सापडली नाही, तेही मग ध्यानात आले. दात्यांकडे आपण मराठी शब्द घेऊन जातो आणि तो कोठून आला ते विचारतो. दाल्गादोंकडे पोर्तुगीज शब्द घेऊन जावे लागते; तो कोठे कोठे गेला ते ते सांगतात. रोमन लिपीत 'शावे' हा मूळ शब्द लिहिताच नोंद उघडली. आपल्या 'चावी'चे हे माहेर. पगार, बादली, इस्त्री, लिलाव यांचेही तेच. दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या अमलाखाली राहिलेल्या वसईत बोलीचा अभ्यास करणाऱ्याने पलीकडच्या तीरावरून शोध सुरू करावा, यात नवल ते काय? नवल आमचे, की त्यांचे अक्षर आम्ही आपल्या कोशातून वाचले. त्या तळटिपा तशाच छापल्या गेल्या असत्या, तर एका माणसाच्या विचाराची दिशाच उलटी नोंदली गेली असती, आणि ते सांगायला तो माणूसही नव्हता.

आता 'डी' त्यांच्याकडेच ठेवला आहे. आमच्या कोशाला 'डीके' हे नवे नाव दिले. बोटांना अजून त्याची सवय नाही. तळटिपा एकेक करून पुन्हा तपासतो आहोत. आयात केलेल्या यादीत 'व्ही' नावाचीही एक खूण आहे. तिचा पत्ता आता कोठेच उघडत नाही. शहाण्या माणसाने ती केव्हाच पुसली असती. पण सहकाऱ्यांच्या यादीत अकरा शब्दांपुढे 'व्ही' लिहिलेला आहे. तो पत्ता आम्ही कागदावर उतरवून घेतला आहे, आणि खूण होती तिथेच राहू दिली आहे.