कपिलतीर्थ ते शिवाजी पेठ : फळांची एक सकाळ

कोल्हापुरास येणारा पाहुणा प्रथम अंबाबाईचे दर्शन घेतो, मग रंकाळ्यावर जातो, आणि गुळाची ढेप व चपलांचा जोड घेऊन परततो. आपण मे महिन्याच्या उत्तरार्धात येणार असाल, तर या खेपेस एक सकाळ राखून ठेवा. देवीचे दर्शन झाल्यावर महाद्वारातून बाहेर पडा आणि जवळच असलेल्या कपिलतीर्थ मंडईत या. सोबत घरातील वडीलधारे माणूस आणि एखाददुसरे नातवंड असेल, तर फारच उत्तम. कारण ज्या कामासाठी मी आपणांस नेत आहे, ते काम या दोघांचेच आहे.

या दिवसांत मंडईत सह्याद्रीचा शेजार स्पष्ट जाणवतो. कोकणचा आंबा घाट चढून आलेला असतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत करवंदे आणि फणस पिकलेले असतात. पावसाची चाहूल लागताच जांभळेही येतात. करवंदांच्या पाट्या पुढे घेऊन बसलेल्या बाया पानांच्या द्रोणात ती मोजून देतात. बाजारातील पुडीबंद खाऊला ऋतू नसतो. या पाट्यांना असतो, आणि तो जेमतेम काही आठवड्यांचा असतो.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. आईच्या हातांना कंप सुटू लागला, तेव्हा मी तिची विळी उचलून माळ्यावर ठेवली. मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा फळांची टोपली तिच्या दृष्टीआड केली. पाऊल अडखळू लागले, तशी मंडईही बंद केली. यातील प्रत्येक निर्णय काळजीपोटीच घेतला होता. परंतु वर्षभरात अशी स्थिती आली, की तिच्यासाठी घरात सर्व काही केले जात होते आणि तिने करण्याजोगे काहीच उरले नव्हते. ती जेवण अर्धे टाकून उठू लागली, बोलणे कमी झाले. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आपणांपैकी अनेकांस हे चित्र ओळखीचे वाटेल.

शिवाजी पेठेतील आमच्या वाड्यात सुटीला दहा-बारा मुले जमतात. एका उन्हाळ्यात ती दुपारभर तळलेल्या खाऊच्या पुड्या फोडत बसलेली पाहून मी ठरवले, की दर शनिवारी त्यांच्याकडूनच फळांचा खाऊ करवून घ्यावा. पण फळांची पारख मला नाही. नाइलाजाने रिक्षा केली आणि आईला मंडईत नेले. फळवालीने तिला लांबूनच ओळखले. ‘‘मावशी, लई दिसानं आलासा!’’ आई काही बोलली नाही. तिने एक पपई उचलली, देठाजवळ नाक नेले आणि म्हणाली, ‘‘ही उद्याची. आजची दे.’’ कित्येक महिन्यांत तिने कोणाला काही फर्मावल्याचे मी ऐकले नव्हते.

वाड्यातील कामाची पद्धत साधी आहे. आपणही आपल्या गल्लीत, सोसायटीत किंवा अंगणवाडीत ती सहज अवलंबू शकाल. आदल्या दिवशीच प्रत्येक मुलाच्या घरी विचारून घ्यावे, की कोणाला शेंगदाणा, दूध अथवा एखादे फळ बाधते काय. सकाळी सर्वांनी साबणाने हात धुवावेत आणि फळे वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावीत. मग वयानुसार कामे वाटावीत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी केळी सोलावीत, सोललेली चिंच कोळावी किंवा दही घुसळावे. सहा ते नऊ वर्षांच्यांनी बोथट सुरीने केळी व चिकू चिरावेत. त्याहून मोठ्यांनी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पपई आणि कलिंगड कापावे. वडीलधाऱ्यांकडे निवड, बिया काढणे आणि मीठ-लिंबाची चव पाहणे ही मानाची कामे द्यावीत.

पपई, केळे आणि चिकू यांच्या फोडींवर लिंबू पिळून चिमूटभर काळे मीठ व जिरेपूड भुरभुरली, की पहिला पदार्थ तयार होतो. लिंबामुळे केळ्याचे काप लवकर काळे पडत नाहीत. खजूर आणि सांगलीकडचे बेदाणे बारीक कुटून त्यात भाजलेल्या दाण्यांचा कूट मिसळावा आणि लाडू वळावेत. वेगळी साखर लागत नाही. तिसरी आपली शिकरण, तीही बिनसाखरेची. गंगावेशीतील कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरची हौस जुनी आहे. तथापि लहानग्यांना आणि वृद्धांना दूध उकळूनच द्यावे. चिरलेली फळे उन्हाळ्यात एका तासापेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या शिफारशीनुसार भाज्या आणि फळे मिळून दररोज दोन ते पाच वर्षांच्या मुलांना किमान २५० ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्यांना ३५० ग्रॅम आणि दहा वर्षांपुढील सर्वांना ४०० ग्रॅम मिळावीत. हा आकडा उपदेशाने गाठला जात नाही. जे फळ मुलाने स्वतः सोलले, ते चाखून पाहण्यास ते सहसा तयार होते. शेजारच्या मुलाने खाल्लेले पाहिले, की उरलेला संकोचही जातो. समूहात खाऊ करण्याचा खरा लाभ हा आहे.

काही सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खी द्राक्षे, अख्खे दाणे किंवा बीसकट जांभूळ देऊ नये. द्राक्ष उभे चिरून त्याचे चार भाग करावेत. खाताना मुलांनी बसूनच खावे. ज्या वृद्धांना गिळताना ठसका लागतो, त्यांना ताठ बसवून मऊ फळ थोडे थोडे द्यावे आणि त्रास वारंवार होत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास केळ्यासारखी पोटॅशियमयुक्त फळे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. मधुमेहात सर्व फळे वर्ज्य करण्याचे सहसा कारण नसते. रस न काढता अख्खे फळ, ठरावीक प्रमाणात, आणि आमरसाच्या जेवणावर भर म्हणून नव्हे, असे घ्यावे. आईची लहान वाटी आम्ही तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवली.

पहिल्या शनिवारी आईने वळलेले लाडू वेडेवाकडे झाले. ती खजील होऊन हात पुसू लागली. तेवढ्यात द्रोणातील करवंदांवर मुलांची झुंबड उडाली. आईने थरथरत्या तळव्यावर एक करवंद धरले आणि समोरच्या मुलीस विचारले, ‘‘कोंबडा की कोंबडी?’’ मुलीस काहीच उमगले नाही. आपणांस हा खेळ ठाऊक असेलच : करवंद फोडल्यावर आतून लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. पाहता पाहता सगळी मुले आईभोवती बसली. द्रोण रिकामा झाला आणि तिच्या हाताच्या कंपाकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

परतताना आपण दसरा चौकातून जाल. १९०१ साली शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने येथे वसतिगृहांची चळवळ सुरू झाली. निरनिराळ्या समाजांतील, खेड्यापाड्यांतील मुलांना राहण्या-जेवण्याची सोय झाली, म्हणून ती शिकू शकली. मुलांना एकत्र बसवून पोटभर घालणे हेही शिक्षणाचेच अंग आहे, हे या शहराने फार पूर्वी ओळखले. आमच्या अंगणातील पंगत अगदी लहान आहे. तिच्यात एक आजीही शिकते आहे, एवढाच फरक.

विळी अजून माळ्यावरच आहे. ती तेथेच राहिलेली बरी. पण शनिवारी मी उठण्यापूर्वी आई पिशवी घेऊन उंबऱ्याशी बसलेली असते. आपल्या घरातील वृद्धापुढे फळांची बशी ठेवण्यापूर्वी एकदा त्यांना विचारून पाहा : ‘‘यातले आजचे कोणते आणि उद्याचे कोणते, सांगता का?’’