आज किती भरली?

२०२४च्या फेब्रुवारीत बाबा फवारणी करताना शिडीवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "यंदा बाग कराराने देऊन टाकतो."

करार म्हणजे व्यापारी मोहर बघून एक रक्कम ठरवतो आणि मग त्या हंगामाचा आंबा त्याचा. आमच्या वाडीत दोन घरांनी असंच 'यंदापुरतं' म्हणून बाग दिली होती. त्या बागा पुन्हा घरच्या माणसांच्या हातात आल्या नाहीत.

"मी येतो," मी म्हणालो. "काम तिथूनच करेन."

"बागेत लाइट नाही," बाबा म्हणाले.

आमची बाग दापोली तालुक्यात, सड्यावर. विजेचा शेवटचा खांब वाडीच्या तोंडाशी, तिथून अर्ध्या तासाची चढण. वर जांभ्याच्या भिंतींचा, पत्र्याचा एक मांगर. मार्च ते मे तिथं घरचं माणूस लागतं. दिवसा वानर, रात्री वटवाघळं आणि चोर, शिवाय तोडणीच्या वेळी पेट्यांचा हिशेब. राखणीला सहा वर्षांपासून एक नेपाळी जोडपं येतं. त्याला मी दाजू म्हणतो, तिला भाउजू. मांगराच्या कोपऱ्यात मोबाइलची रेंज चांगली मिळते, हे मला आधीपासून माहीत होतं. ऑफिसनं तीन महिन्यांची परवानगी दिली. अट एकच, सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑनलाइन असायचं.

मग मी एक्सेल उघडलं.

लॅपटॉप सरासरी ३५ वॉट, नऊ तास, म्हणजे ३१५ वॉट-तास. राउटर ८ वॉट, दहा तास, ८०. दोन एलईडी दिवे, ५६. छोटा डीसी पंखा, १५०. माझा फोन, १५. बेरीज ६१६. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे माझी अख्खी नोकरी दिवसाला पाऊण युनिटही खात नव्हती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गीझर अर्ध्या तासात याहून जास्त वीज जाळतो.

फेब्रुवारीतच पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली होती आणि ओळखीतला प्रत्येक जण मला तिच्याबद्दल सांगत होता. पण ती ग्रिडला जोडलेल्या घरांच्या छपरांसाठी. खांबच नसेल तिथं तिचा उपयोग नव्हता. मी पदरमोड करून ३३५ वॉटचं पॅनेल, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, एमपीपीटी कंट्रोलर आणि एक साधा घरगुती इन्व्हर्टर घेतला. खर्च शेहेचाळीस हजार. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडली असती, पण ती रोज अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते. ही ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते. बॅटरीत १२८० वॉट-तास, पॅनेलकडून तोटा धरून रोज साधारण ११७०. गरज ६१६. कागदावर मी राजा होतो.

पाचव्या रात्री पंखा बंद पडला. सकाळी लॅपटॉपची स्वतःची बॅटरीही संपलेली, राउटर मेलेला. दहाच्या मीटिंगला मी सड्याच्या टोकाला उभा राहून फोनवरून हजर झालो. फोनवर ९ टक्के होते.

कारण शोधायला दोन दिवस गेले. कारणं तीन निघाली.

पहिलं कारण इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी नुसता चालू राहायला तो १४ वॉट घेत होता. चोवीस तासांचे ३३६, म्हणजे लॅपटॉपपेक्षा जास्त! शिवाय बॅटरीतला डीसी तो एसी करणार आणि लॅपटॉपचा चार्जर त्याचा परत डीसी करणार, दोन्हीकडे गळती. घरात भिंतीतून २३० व्होल्ट येतात या सवयीनं मी तो घेतला होता. तो काढला. गाडीत वापरतात तसा १२ व्होल्टवरचा सी-टाइप चार्जर लॅपटॉपला लावला. राउटर १२ व्होल्टवरच चालतो, तो थेट जोडला.

दुसरं कारण सावली. मांगरामागच्या जुन्या कलमाची एक फांदी दुपारी दोननंतर पॅनेलच्या कडेवर यायची. सावली वीतभरच. पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडून त्यांचे तीन गट केलेले असतात. एका गटावर सावली पडली की तो अख्खा गट बाजूला पडतो, म्हणजे वीतभर सावलीला एक तृतीयांश वीज. घरी जाऊन बाबांना म्हटलं, "ती फांदी तोडूया."

"त्या फांदीला मोहर सगळ्यात आधी येतो," बाबा खाटेवरूनच म्हणाले. "वाशीला जाणारी पहिली पेटी तिची असते. तुझं ते पॅनेल हलव."

हलवलं. बावीस मीटरवर उघडा कातळ होता. इतक्या लांब तार नेली तर तोटा होणार, अशी भीती होती. पण पॅनेल ३८ व्होल्टला काम करतं. त्या दाबाला प्रवाह कमी असतो आणि चार स्क्वेअरच्या तारेत पाचेक टक्केच जातात. तीच वीज १२ व्होल्टनं आणली असती तर जवळजवळ निम्मी तारेतच तापून गेली असती. म्हणून पॅनेल लांब, कंट्रोलर बॅटरीला चिकटून.

तिसरं कारण सांगायला मला लाज वाटते. एक्सेलमध्ये मी एकटाच होतो. मांगरात वीज आली म्हटल्यावर दाजूनं तीन मोठे टॉर्च चार्जिंगला लावले होते. दोघांचे फोन होते, एक छोटा स्पीकर होता. आधी हे सगळं घेऊन भाउजू एक दिवसाआड वाडीतल्या दुकानात उतरायची आणि चार्ज होईपर्यंत तिथं बसायची. रोजचे शंभरेक वॉट-तास. मी विचारलं तेव्हा दाजू गडबडला. "भाई, निकाल देता हूँ," म्हणाला. मी नको म्हटलं आणि शीटमध्ये तीन ओळी वाढवल्या. रात्री जेवण झालं की ती दोघं गावाकडच्या मुलीला व्हिडिओ कॉल करत. त्याची ओळ वेगळी लिहिली नाही, पण हिशेबात धरली.

एप्रिल असा गेला. ऊन वाढलं की वीज वाढेल असं मला वाटायचं, तर उलटंच. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के घटते. कातळावर भर दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापली की सोळा टक्के गेले. पॅनेल कातळापासून हातभर उचललं, खालून वारा खेळला, थोडा फरक पडला. तुडतुड्यांचा चिकटा मी फक्त पानांवर बघितला होता, तो आता काचेवरही यायचा आणि त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसायची. रोज सकाळी ओलं फडकं मारणं माझ्याकडे लागलं. बाबा रोज रात्री फोन करायचे. आधी वानर, मग पेट्या, आणि शेवटी, "आज किती भरली?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मळभ आलं. सलग तीन दिवस. मळभ बाबांना आयुष्यभर झोपू देत नाही. मोहरात आलं तर तुडतुडे आणि भुरी, फळात आलं तर डाग. मला ते पहिल्यांदाच कळत होतं, टक्क्यांत. ७१, ४४, २१.

तिसऱ्या संध्याकाळी बॅटरीत १८ टक्के उरले. रात्री अकराला रिलीज होतं, माझ्याकडे. त्याच आठवड्यात शेजारच्या बागेतून रातोरात चार झाडं उतरवून नेलेली. दाजूचे तिन्ही टॉर्च रिकामे होते. दोन्ही भागणार नव्हतं. मी बराच वेळ कंट्रोलरच्या पडद्याकडे बघत बसलो. मग टीमला लिहिलं, 'इथं वीज पुरणार नाही, रिलीज कुणी घेईल का?' तीन महिन्यांच्या परवानगीत मला हेच वाक्य लिहायचं नव्हतं. एका सहकाऱ्यानं 'घेतो' म्हणून कळवलं. मॅनेजर काही बोलली नाही. ते न बोलणं मला दोन दिवस टोचत राहिलं.

मी लॅपटॉप आणि राउटर काढले, टॉर्च लावले.

बाबांचा फोन आला. "किती आहे?"

"अठरा."

"मग?"

"टॉर्चला दिली."

पलीकडून काही वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "बरं केलंस," आणि फोन ठेवला.

५ जूनला सगळं आवरलं. पावसाळ्यात हे पॅनेल मला पुरवू शकत नाही, हे एव्हाना एक्सेलशिवायही कळलं होतं. तेव्हा बागेत माणसाचं कामही कमी असतं. दाजू आणि भाउजू गावी निघाले. बॅटरी आम्ही दोघांनी पोत्यात गुंडाळून खाली घरी आणली आणि माजघरात, ओल लागणार नाही अशा फळीवर ठेवली. ही बॅटरी बरेच महिने ठेवायची तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवत नाहीत, निम्म्यावर ठेवतात.

बाबा काठी टेकत आले. बाग करारानं गेली नव्हती, पुढच्या वर्षीचं काही ठरलं नव्हतं. ऑफिस पुन्हा परवानगी देईल की नाही, मला माहीत नव्हतं. त्यांनी पोतं बाजूला करून बॅटरीवर हात ठेवला.

"किती ठेवलीस?"

"बावन्न."

"असू दे," ते म्हणाले. "मार्चला अजून एक पॅनेल लागेल. दाजूचं धरून हिशेब कर."