आमिक्षा आणि चीज

चीज म्हणजे नासलेल्या दुधाचा गोळा, ही समजूत आमच्या नागपुरांतील वडीलधाऱ्या मंडळींत अद्यापि आहे. परंतु ज्यांनीं मीमांसा अभ्यासिली, त्यांस तापलेल्या दुधांत दहीं घालून होणारी आमिक्षा व उरणारें पाणी, म्हणजे वाजिन, हीं परिचयाचींच आहेत. वैश्वदेवपर्वांत जें देवांस चालतें, तें आम्हांस वर्ज्य कां?

खरा प्रश्न नासण्याचा नव्हे, विरजणाचा आहे. युरोपांत दूध साकळविण्यास परंपरेनें वासराच्या जठरांतील रेनेट वापरीत. इटलींतील पार्मिजानो-रेज्जानोस आजहि तेंच लागतें. उलटपक्षीं, सूक्ष्मजंतूंपासून केलेलें रेनेटहि मिळतें. पंजाब-राजस्थानाकडील पनीर डोडीच्या फळानेंहि दूध साकळतें. यास्तव नातवंडें धरमपेठेंतून नवा प्रकार आणतात, तेव्हां आम्ही प्रथम वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहतों, मग चव घेतों. गौडा मऊ व गोडसर लागला, जुनें चेडर जिभेस झोंबलें, कालिंपाँगचें किंचित् आंबट व भुसभुशीत निघालें.

आमच्या कुटुंबास मात्र त्या वासाचेंच वावडें. त्यांस आम्ही आग्रह करीत नाहीं, नातवंडांस अडवीत नाहीं. पदार्थाचें मूळ जाणून मग तो घेणें वा टाकणें, यासच आम्ही आचार समजतों.