भाऊ, मला वाटा हवा

पुसद, अक्षय तृतीया

चि. भाऊस,


आज सकाळी आई-बाबांच्या नावानं घागर भरली, आमरसाचा नैवेद्य दाखवला आणि लगेच तुला पत्र लिहायला बसले. फोनवर तू ‘बघू ताई’ म्हणतोस आणि विषय संपतो. शिवाय हे पत्र आपल्या गावाकडच्या आणि पुसदमधल्या इतर बहीण-भावांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून ते उघडंच लिहिते.

गेल्या कार्तिकातली ती सकाळ आठवते? तू पहाटे उठून मेथी उपटलीस, जुड्या बांधल्यास, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवून पुसदला आणल्यास. हर्रासात जुडी दोन रुपयांवर थांबली. त्यातून अडत आणि हमाली वजा झाली. चहालासुद्धा न थांबता तू परत गेलास. त्याच दिवशी नऊच्या सुमारास आमच्या गल्लीत हातगाडी आली आणि मी दहा रुपयांना मेथीची एक जुडी घेतली. संध्याकाळी वहिनीशी बोलताना हे दोन आकडे समोरासमोर आले. ती जुडी तुझ्याच वाफ्यातली असेल का, हा विचार रात्रभर डोक्यातून जाईना. हातगाडीवाल्याला मी दोष देत नाही. तोही उन्हातान्हात फिरतो आणि उरलेली भाजी त्याच्याच अंगावर पडते. पण तुझ्या विहिरीपासून माझ्या चुलीपर्यंतच्या एवढ्याशा अंतरात बहीण-भाऊ एकमेकांना गिऱ्हाईक म्हणूनही ओळखेनासे झालो, याचं दुःख झालं.

बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. खुशीनं केली, आजही तिचा पस्तावा नाही. मात्र त्या सहीबरोबर शेताची काळजीही माझ्या हातून सुटली, हे मला फार उशिरा कळलं. पाऊस लांबला की तुझी झोप उडते. मी पंखा वाढवून झोपते. म्हणून आज मी तुझ्याकडे पुन्हा वाटा मागते आहे. सातबाऱ्यावर माझं नाव नको. तुझ्या पिकात आणि तुझ्या नुकसानीत मला वाटा हवा.

कसा, ते सांगते. दुधाचा रतीब आपल्याला माहीत आहे. दूध आधी, हिशेब महिन्यानं. भाजीच्या या रतिबात पैसे आधी द्यायचे, निम्मे तर पेरणीच्याही आधी. जे पिकेल ते दर आठवड्याला घरोघरी वाटून घ्यायचं. भरघोस आलं तर टोपली जड, कमी आलं तर हलकी. पैसे मात्र तेवढेच. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ या नावानं शेतकरी आणि ग्राहकांनी मिळून असा आठवड्याच्या टोपलीचा उपक्रम चालवला. जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांना धास्तावलेल्या गृहिणींनी थेट शेतकऱ्यांशी बांधून घेतलं. त्या रीतीला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात, म्हणजे भागीदारी.

आमच्या गल्लीतली आणि मागच्या ओळीतली मिळून बारा घरं तयार झाली आहेत. हिशेब आम्ही वहीत मांडला. चार माणसांच्या घराला आठवड्याला साधारण पाच किलो भाजी लागते, म्हणजे बारा घरांना साठ किलो. विहिरीकडचं अर्धा एकर ओलित त्याला पुरावं. श्रावण लागल्यापासून संक्रांतीपर्यंत २४ आठवडे धरले. आठवड्याला ३०० रुपयांप्रमाणे एका घराचे ७,२०० आणि बारा घरांचे ८६,४०० रुपये होतात. निम्मे, म्हणजे ४३,२०० रुपये, मृगाच्या आधी तुझ्या हातात आणि उरलेले पोळ्याच्या सुमारास. बी-बियाण्यासाठी, मजुरीसाठी तुला कुणाच्या दारात जावं लागू नये, हा त्यातला मुख्य हेतू. एक विनंती आहे. पैसे वहिनीच्या खात्यात जमा करू दे. निंदण, तोडणी, जुड्या बांधणं, यात तिचे हात तुझ्यापेक्षा जास्त वेळ मातीत असतात.

आम्हीही काही गोष्टी कबूल केल्या आहेत. श्रावणात फुलकोबी मागायची नाही. ढेमसं, दोडकं, चवळीच्या शेंगा, वांगी, चुका, अंबाडी, सांबार, जे येईल ते शिजवायचं. धुऱ्यावर काटवल मिळालं तर त्या आठवड्यात सणच समजायचा. पानाला भोक दिसलं तर तोंड वाकडं करायचं नाही. रोही किंवा रानडुकरांनी एका रात्रीत वाफे उधळले, तर ते नुकसान बारा घरांनी मिळून सोसायचं. हे शेवटचं कलम सगळ्यांना पटायला तीन बैठका लागल्या. ‘पैसे देऊन रिकामी टोपली का घ्यायची?’ असं एकीनं विचारलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘आजवर ती रिकामी टोपली त्याच्या एकट्याच्या घरात जात होती.’ त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

तुझ्यासाठी एकच अट आहे. या अर्ध्या एकरावर विषारी फवारा नको. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांत पाठीवर पंप घेतलेला तू डोळ्यांसमोर आलास की माझा घास घशातच अडकायचा. निंबोळी अर्क, दशपर्णी, जीवामृत तुला माहीत आहे. यवतमाळचे सुभाष शर्मा कित्येक वर्षं रसायनांशिवाय शेती करत आले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाट दाखवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९८६ हे साल मला राहून राहून आठवतं. त्या वर्षी १९ मार्चला शेजारच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह आयुष्य संपवलं. आजही त्या तारखेला कितीतरी लोक त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर काही कुटुंबांनी हंगामाआधी पैसे भरून पिकात वाटा घेतला आणि तिकडे या पद्धतीची सुरुवात झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. भाजीच्या टोपल्यांनी करपेंचं ओझं उतरलं असतं, असंही मी म्हणणार नाही. तुझं कपाशीवरचं कर्ज या अर्ध्या एकरानं फिटणार नाही, हेही मला समजतं. पण शेतातला तोटा एकाच घराच्या उंबऱ्याआड कोंडून राहतो, तेव्हा काय होतं, ते आपल्या भागानं पाहिलं आहे. निदान अर्ध्या एकरापुरता तरी तो उंबरा ओलांडून बारा घरांत यावा.

दरवर्षी १ जुलैला, गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या जयंतीला, आपण कृषी दिनाची भाषणं ऐकतो. यंदा त्या दिवशी बाराही घरांतून एकेक जण तुझ्या शेतावर निंदणाला येणार आहे. आमच्या हातांना सवय नाही, दोन ओळींतच कंबर धरेल. वहिनीला म्हणावं, तण कुठलं आणि रोप कुठलं ते आधी दाखव.

आईचा तो पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. राखेत घोळवलेलं ढेमशाचं बी ती त्यात ठेवायची. काल उघडून पाहिलं. जुनं बी आहे, किती उगवेल सांगता येत नाही. मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आहे. रविवारी सकाळच्या एसटीनं येते, तेव्हा ते सोबत आणीन. मोड आलेले दाणे विहिरीकडच्या पहिल्या वाफ्यात लावू. किती निघाले ते आपण दोघं मिळून मोजू.

तुझी,
ताई