प्लॅटिनम जागेवर हवं

आमच्या पायलट प्लांटवर मी काम करायला लागलो तेव्हा रीजनरेशन म्हणजे कॅटॅलिस्टवर साचलेला कोक जाळणं, अशीच माझी समजूत होती. रिअ‍ॅक्टरमध्ये झायलीनसाठी प्लॅटिनम चढवलेलं झेडएसएम-5 झिओलाइट भरलेलं असे. त्याची छिद्रं जेमतेम अर्धा नॅनोमीटर रुंद. कोकने ती बुजत गेली की तेवढंच उत्पादन काढायला तापमान चढवत राहावं लागतं. चढवायला जागा उरली नाही, की फीड बंद. मग नायट्रोजनने हायड्रोजन हाकलायचा आणि त्याच नायट्रोजनमध्ये हवा सोडायची, सुरुवातीला ऑक्सिजन एक टक्क्याच्या आतबाहेर राहील एवढीच.

बर्न सुरू झाला की बेडमधले थर्मोकपल ओळीने चढतात. वरचा तापतो, निवतो, मग त्याच्या खालचा. आग दिसत नाही, पण कुठवर उतरली ते पॅनेलवर कळतं.

वरून निरोप ठरलेला: हवा वाढवा, एक शिफ्ट वाचेल. आमचे जुने ऑपरेटर व्हॉल्व्हला हातच लावू देत नसत. ‘‘आधी पाणी निघू द्या, साहेब.’’ त्यांचं बरोबर होतं. कोकमधला हायड्रोजन आधी जळतो, त्याचं पाणी होतं. ही वाफ आणि पाचशे अंशांच्या वरची उष्णता एकत्र आली, की झिओलाइटच्या सांगाड्यातून अ‍ॅल्युमिनियम निखळतं आणि आम्लता जाते. ती परत येत नाही. प्लॅटिनमचं दुखणं वेगळं. बेड फार तापला तर त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. क्लोरीन देऊन ते पुन्हा विखुरता येतात, पण सगळे नाहीत. शिवाय क्लोरीन म्हणजे पाइपांचं गंजणं आलंच.

एकदा बर्न संपला म्हणून नमुना काढला. शेवयांच्या तुकड्यांसारख्या कॅटॅलिस्टच्या गोळ्या बाहेरून पांढऱ्याशुभ्र. एक नखाने मोडली, तर आत काळा ठिपका. आउटलेटला कार्बन डायऑक्साइड जवळपास थांबला होता, तरी पोटात कोक होताच. तापमान आणखी एक पायरी चढवून पुन्हा जाळावं लागलं.

आणि गोळी आतून पांढरी निघाली तरी प्लॅटिनम कसं आहे ते डोळ्यांना कळत नाही. हायड्रोजनने रिडक्शन करून कार्बन मोनॉक्साइड शोषणाची चाचणी घेतली, की किती प्लॅटिनम उघडं आहे ते समजतं. रीजनरेशन करणाऱ्यांनो, तो आकडा हातात आल्याशिवाय फीड घेऊ नका.