खर्ज आणि खोली

वडिलांच्या संग्रहात सव्वादोनशे कॅसेट होत्या. बऱ्याचशा आकाशवाणीवरून घेतलेल्या. काही गावातल्या खाजगी बैठकींच्या. बैठकींच्या कॅसेटवर गाण्याबरोबर तानपुऱ्यांची जुळवणी, खाकरणे, कपबशांचे आवाज आणि अधूनमधून वडिलांची दाद, असे सगळेच आहे. ते गेल्यावर या कॅसेटचे काय करायचे, हा प्रश्न घरात दोन वर्षे तसाच पडून होता. चुंबकीय फीत काही अमर नसते. अखेर मी त्या संगणकावर उतरवायला घेतल्या.

हे काम पोथ्यांच्या नकलनवीसाचेच. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभर बसावेच लागते. सीडीच्या दर्जाने नोंद केली तर मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एमपीथ्री ही जागा वाचवताना कानाला न जाणवणारा भाग कायमचा गाळते. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ पद्धत काहीही न गाळता आकार बराच कमी करते. एक संक्षेप, तर दुसरी नुसती घडी घातलेली पोथी. मी अर्थातच दुसरी निवडली. घरातल्या नेटवर्कला जोडलेली, दोन हार्ड डिस्कची एक पेटी आणली. एका डिस्कवर लिहिले की तेच दुसरीवर आपोआप लिहिले जाते. एक बिघडली तरी दुसरी आहेच, म्हणून मी निर्धास्त झालो.

इथेच चुकलो. एका रात्री दुबार समजून एक फोल्डर पुसले. ते दुबार नव्हते. आरशातले प्रतिबिंब माणसाबरोबरच निघून जाते, तसे ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी गेले. त्यातल्या एका कॅसेटची फीत उतरवल्यानंतर तुटून यंत्रात गुंडाळली गेली होती. वडिलांच्या अक्षरातले तिच्यावरचे लेबल तेवढे आता माझ्याकडे आहे. जोडीची डिस्क यंत्राच्या मरणापासून वाचवते, आपल्या हातापासून नाही. आता एक वेगळी प्रत बहिणीच्या घरी, दुसऱ्या गावात असते.

उरलेले संगीत ऐकू लागलो तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. वडिलांची खोली अडीच मीटर रुंद. त्यांची आरामखुर्ची भिंतीला टेकलेली आणि जुने मोठे लाकडी स्पीकर समोर. त्या खुर्चीत बसले की तानपुऱ्याचा खर्ज छातीत घुमतो. उठून खोलीच्या मधोमध उभे राहिले की तोच खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. कारण साधे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. अडीच मीटरवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ६९ हर्ट्झच्या लहरीची बरोबर अर्धी लांबी मावते. असा स्वर भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध विरतो. काळी एक पट्टीतल्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, सुमारे ६९ हर्ट्झ. वडिलांच्या आवडत्या गायकांपैकी एकाची पट्टी हीच होती.

खुर्चीच्या जागी, कानाच्या उंचीवर मोजणीचा मायक्रोफोन ठेवून संगणकाने खालपासून वरपर्यंत एक सरकता स्वर वाजवला. पडद्यावर ६९ पाशी नऊ डेसिबलचा डोंगर दिसला. त्याच्या उलट आकाराची गाळणी सर्व्हरमध्ये बसवली की डोंगर सपाट होतो. खळगा मात्र भरता येत नाही. खोलीच्या मध्यभागी थेट लहर आणि परतलेली लहर एकमेकींना मारतात; आवाज वाढवला तर दोन्ही सारख्याच वाढतात आणि पुन्हा मारतात. अधिक असलेले कमी करता येते, नसलेले आणता येत नाही. पुसलेल्या फोल्डरनंतर हे वाक्य मला नुसते ध्वनिशास्त्राचे वाटले नाही.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एकनाथांचा उल्लेख येतोच. शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत, अशी ताकीदही दिली. माझ्या गाळणीची एक गोष्ट त्या शिस्तीला धरून आहे : ती मूळ फाइलींना शिवत नाही, वाजवताना तेवढी लागते. पाठ तसाच, दुरुस्ती तळटीपेत. पण शुद्ध पाठ कोणता, हा प्रश्न त्याने सुटत नाही. “खर्ज कसा पोटात लागला पाहिजे,” असे वडील म्हणत. तीस वर्षे त्या खुर्चीत बसून त्यांनी जो खर्ज ऐकला, त्यात नऊ डेसिबल खोलीचे होते. तानपुरेवाल्याला ते ठाऊक नव्हते, वडिलांनाही नव्हते. त्यांच्या रसिकतेतून ते वजा करायचे कसे?

मागच्या आठवड्यात एक बैठक गाळणी लावून ऐकली. घुमारा गेल्याने आजवर नुसती पुटपुट वाटलेली एक दाद प्रथमच स्पष्ट झाली. “अहो, परत घ्या ती जागा,” असे बाबा म्हणत होते. गाळणी काढली, ते शब्द पुन्हा खर्जात बुडाले. गाळणी असते तेव्हा मला बाबा ऐकू येतात. नसते तेव्हा बाबांना ऐकू येत होते ते ऐकू येते. दोन्ही एकदम मिळत नाही. सध्या ते बटण मी प्रत्येक कॅसेटला नव्याने ठरवून दाबतो.