शंभरातलं एक फूल

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद लायब्ररीत हबीबगंज संग्रह आहे. उस्ताद मन्सूरचं लाल ट्युलिपचं चित्र तिथे जपलेलं आहे. १६२० साली जहांगीर काश्मीरला गेला होता. मन्सूरने तिथली शंभराहून जास्त फुलं रंगवली, असं त्याने ‘तुझुक’मध्ये लिहून ठेवलंय. त्यातली बहुतेक हरवली. पण मन्सूर हे नाव हरवलं नाही, कारण ते खुद्द बादशहाने लिहिलं. ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळात ज्याला जोड नाही असा, हा किताबही त्याचाच.

हे भाग्य सगळ्यांचं नसतं. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीत कंपनी सरकारची बाग होती. अलेक्झांडर गिब्सन तिचा प्रमुख. १८४७ ते १८५० दरम्यान त्याने दीडशेहून जास्त झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या लायब्ररीत आहेत. गिब्सनचं नाव आपल्याला माहीत आहे. पानाची एकेक शीर काढणाऱ्याचं नाही. लायब्ररीवाल्यांनी तरी ते आणायचं कुठून? मुळात कुणी लिहिलंच नव्हतं.

अब्बा ट्रकच्या फाळक्यावर गुलाब काढायचे. पाकळीची सावली जमेपर्यंत जेवायलाही उठायचे नाहीत. खाली नाव मात्र मालकाच्या पोराचं. एकदा मी विचारलं, “अब्बा, तुम्ही तुमचं नाव का नाही टाकत?”

ब्रश रॉकेलमध्ये बुचकळत म्हणाले, “गाडी उसकी है ना, बेटा.”